बँक नव्हे, पतसंस्था

आमच्या कार्यालयाच्या दारावर एक निळी पाटी होती. पेंटरनं तिच्यावर ‘बँकिंग वेळ : सकाळी 10.30 ते सायंकाळी 5.30’ असं लिहिलं होतं. तसं लिही असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आदल्या आठवड्यात त्यानं एका बँकेची पाटी रंगवली होती, तोच मजकूर इथंही उतरवला. चार वर्षं कोणाचं लक्ष गेलं नाही. मग लेखापरीक्षणात पाटी नजरेस पडली आणि दोषदुरुस्तीच्या यादीत एक मुद्दा वाढला : ‘बँकिंग’ हा शब्द काढून टाकावा. शिपाई सुटीवर होता, म्हणून स्टुलावर चढून, थिनर आणि चिंधी घेऊन तो शब्द मी पुसला. आज तिथं ‘कामकाजाची वेळ’ असं लिहिलेलं आहे आणि त्याखाली जुना शब्द अजून अंधुक दिसतो.

लेखापरीक्षकांचं काहीच चुकलं नाही. बँकिंग नियमन कायदा, 1949 च्या कलम 7 नुसार परवाना नसलेल्या संस्थेला ‘बँक’, ‘बँकर’, ‘बँकिंग’ हे शब्द लावता येत नाहीत. 22 नोव्हेंबर 2021 रोजी रिझर्व्ह बँकेनं जाहीर सूचना काढून, काही सहकारी संस्था नावात ‘बँक’ लावतात, त्यांच्यापासून सावध राहा, असं लोकांना सांगितलं. आमची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली आहे. आमच्या वर रिझर्व्ह बँक नाही. तालुक्याचे सहायक निबंधक, जिल्ह्याचे उपनिबंधक आणि पुण्याचे सहकार आयुक्त आहेत. हे सगळं मला मान्य आहे.

माझी तक्रार निराळी आहे. शब्द आमच्याकडून काढून घेतला, पण त्या शब्दाकडून लोकांच्या ज्या अपेक्षा असतात त्या आमच्याच दारात राहिल्या. भंडाऱ्यातल्या एका नागरी सहकारी पतसंस्थेच्या काउंटरवर बसून एकोणीस वर्षं मी त्याच निस्तरतो आहे.

भंडाऱ्याचा माणूस घरून ‘बँकेत जाऊन येतो’ म्हणून निघतो आणि आमच्याकडे येतो. खुर्चीवर बसून फोनवर ‘मी बँकेत आहो’ म्हणून सांगतो. मी सांगतो, “मावशी, ही बँक नाही जी, पतसंस्था आहे.” मावशी म्हणतात, “हो जी बाबू, तेच तं म्हणून राह्यली मी.” दिवसातून आठ-दहा वेळा हे होतं. सांगितलं नाही तर नियम मोडतो आणि सांगितलं तर समोरच्याला वाटतं, बाबू आपल्याला अडाणी समजतो.

शब्दावरच थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. मुलाच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर आयएफएससी कोड लागतो. पालक आमचं पासबुक घेऊन येतात आणि कोड कुठं आहे म्हणून विचारतात. तो आमच्याकडे नसतो, कारण आम्ही बँकांच्या देवाणघेवाणीच्या साखळीत नाही. आमचा चेक क्लिअरिंगला जात नाही, आमच्या खात्यात सरकारी अनुदान येत नाही. 2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा कितीतरी बाया आमचं पासबुक जोडून अर्ज भरून आल्या. ज्या खात्यात त्यांनी पाच-पाच वर्षं पैसे टाकले, ते खातं दीड हजार रुपये घ्यायला चालत नाही, हे एकेकीला समजावून सांगावं लागलं. समजावणारा मी होतो, नियम माझा नव्हता. तरी जाताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्यासाठी होतं.

धानाच्या चुकाऱ्याचं, म्हणजे विक्रीच्या पैशाचं, तसंच. आमचा जिल्हा धानाचा. रोवणीच्या वेळी मजुरी रोख द्यावी लागते, आणि ती आज संध्याकाळीच द्यावी लागते. त्या वेळी कास्तकार आमच्याकडे येतो, कारण आम्ही त्याला ओळखतो, दोन जामीनदारही ओळखीचे असतात आणि कर्ज दोन दिवसांत मंजूर होतं. पुढे तो धान आधारभूत खरेदी केंद्रावर नेतो, सातबाऱ्यानिशी ऑनलाइन नोंदणी करतो आणि चुकारा थेट बँकेच्या खात्यात जमा होतो. रोवणीला धावून गेलो आम्ही, आणि पैसा पोचतो तिकडे. आमचा हप्ता भरायचा तर त्यानं आधी बँकेच्या रांगेत उभं राहायचं, पैसे काढायचे आणि मग आमच्याकडे यायचं. वाटेत खतवाला असतो, किराणावाला असतो, पोरीचं कॉलेज असतं. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर हातात काय उरतं ते वसुलीच्या रजिस्टरात दिसतं. तो माणूस लबाड नसतो. आम्ही रस्त्याच्या शेवटी उभे असतो, एवढंच.

माझा साडभाऊ राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. आम्ही दोघांनी एकाच वर्षी बी.कॉम. केलं. त्याचं आणि माझं काम कागदावर बरंचसं सारखं आहे. पैसे घ्या, पैसे द्या, व्हाउचर लिहा, सही ताडून पाहा, संध्याकाळी रोकड जुळवा, कर्जाचे कागद तपासा. दोन रुपयांचा फरक निघाला तर त्याची रात्र जाते तशी माझीही जाते. पण 2015 च्या 1 सप्टेंबरपासून त्याला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी असते. त्या दिवशी बँकेचं शटर बंद पाहून लोक आमच्याकडे वळतात. आमच्या तिजोरीत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त रोकड ठेवता येत नाही. बाकीचा पैसा बँकेतच असतो आणि बँक बंद असते. दुपारी दोनला रोकड संपत येते. मग, “काहून जी, संस्थेत पैसेच नाई का?” हा प्रश्न चार माणसांसमोर मोठ्यानं विचारला जातो. सुटी बँकेला असते आणि पत आमची जाते. हा प्रश्न महिन्यातून दोनदा येतो आणि मी महिन्यातून दोनदा तेच उत्तर देतो.

31 मार्चला आम्ही दोघंही उशिरापर्यंत बसतो. पण 1 एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँकांचे व्यवहार लोकांसाठी बंद असतात. आमची तेरीज पहाटे जुळते आणि साडेदहाला काउंटर उघडतं.

पगाराबद्दलही एकदाच बोलतो. 8 मार्च 2024 रोजी बँक कर्मचाऱ्यांचा बारावा द्विपक्षीय करार झाला आणि पगाराच्या खर्चात 17 टक्के वाढ ठरली. देशभरच्या संघटना एका टेबलावर बसल्या आणि सही झाली. आमच्या पगारवाढीचा विषय संचालक मंडळाच्या सभेत ‘ऐन वेळी येणारे विषय’ या सदरात येतो, तोपर्यंत निम्मे संचालक उठलेले असतात. संस्थेचा नफा लहान आहे आणि त्यातला किमान चौथा हिस्सा कायद्यानं राखीव निधीत टाकावा लागतो, हे मला कळतं. तरी विषय सभेच्या सुरुवातीला घ्यायला पैसे लागत नाहीत.

लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे विचारतात, “मुलगा बँकेत का पतसंस्थेत?” माझ्या पुतण्याच्या बैठकीत हा प्रश्न झाला तेव्हा मी तिथंच बसलो होतो. तो तुमसरच्या एका पतसंस्थेत आहे. हिशेबात त्याचा हात धरणारा मी पाहिला नाही. पण ‘पतसंस्था’ हा शब्द ऐकून पाहुण्यांनी कप खाली ठेवला आणि पावसापाण्याचं बोलायला लागले.

आता नाण्यांचं सांगतो, कारण या गोष्टीनं मला जेवढा त्रास दिला तेवढा कशानंच दिला नाही. पिग्मी, म्हणजे रोजची अल्पबचत, ही आमच्यासारख्या संस्थांचा श्वास आहे. ही कल्पना मुळात एका बँकेची. उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटनं, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेनं, 1928 साली दारोदारी जाऊन दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. आज आमच्या गावात ते काम पतसंस्थांचे एजंट करतात. आमचा एजंट संध्याकाळी बडा बाजारातून फिरतो. कमरेला मशीन, खांद्याला पिशवी. भाजीवाली, पानठेलेवाला, पितळी भांड्यांचा दुकानदार, चहावाला. कोणी वीस देतं, कोणी पन्नास, कोणी दोनशे. मशीनमधून चिठ्ठी निघते. पाऊस असो, उन्हाळा असो, घरी मयत झालेली असो, तो फिरतो. ठेव गोळा करणारे हे लोक बँकेचे कामगारच आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2001 साली सिंडिकेट बँकेच्याच खटल्यात म्हटलं. आमचा एजंट मात्र कमिशनवर आहे आणि ज्या दिवशी तो पडून राहतो त्या दिवशी त्याचं कमिशनही पडून राहतं.

त्याच्या पिशवीत दहा रुपयांची नाणी असतात. आमच्या भागात बरेच दुकानदार हे नाणं घेत नाहीत. ते बंद झालं अशी अफवा वर्षानुवर्षं फिरते आहे. जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं की दहाच्या नाण्याचे 14 नमुने आहेत आणि सगळे चालतात. भाजीवालीला गिऱ्हाईक ते नाणं देतं, किराणावाला तिच्याकडून घेत नाही, म्हणून ती पिग्मीत टाकते. एजंट नाही म्हणत नाही, कारण नाही म्हटलं तर उद्या ती खातं बंद करते. आम्ही एजंटला नाही म्हणत नाही. मग महिन्याला तीन-चार थैल्या भरतात आणि मी त्या बँकेत घेऊन जातो.

काउंटरवरचा मुलगा थैली पाहून सांगतो, “नाणी उद्या आणा.” उद्या सांगतो, “मशीन खराब आहे.” परवा सांगतो, “साहेब रजेवर आहेत.” एकदा मी सगळी नाणी शंभर-शंभरच्या पुड्या करून, कागदावर आकडा लिहून नेली. त्यानं एक पुडी फोडली, नाणी काउंटरवर पसरली, पुन्हा गोळा करून माझ्याकडे सरकवली आणि मागच्या माणसाला बोलावलं. मी नियम पाहून घेतला आहे. नाणे अधिनियम, 2011 नुसार एक रुपयाच्या आणि त्यावरच्या नाण्यांत एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत देणं कायदेशीर आहे आणि बँकेनं किती नाणी स्वीकारावीत यावर रिझर्व्ह बँकेनं मर्यादा घातलेली नाही. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “काका, तुम्ही पण बँकवालेच ना, समजून घ्या.” त्या एका जागी मी त्याच्या लेखी बँकवाला झालो.

साडभाऊलाही सुख नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. त्याच्यावर विमा पॉलिसी विकायचं टार्गेट आहे. दर तीन वर्षांनी बदली आहे. पवनीच्या शाखेत माणसं ओळखीची होतात तोवर गडचिरोलीचा आदेश येतो. पण बदली त्याला एका गोष्टीतून सोडवते. थकबाकीदाराला नोटीस जाते ती वरच्या कार्यालयातून, 2002 च्या सरफेसी कायद्याखाली. आमच्याकडे सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली वसुली दाखला मिळवायचा आणि तो घेऊन माणसाच्या दारात जायचं. दार आमच्याच गल्लीतलं असतं. आत त्याची आई बसलेली असते, तिनं मला लहानपणी पानगे खाऊ घातलेले असतात. ती पाणी देते. मी पाणी पितो आणि मग कागद काढतो. पुढच्या आठवड्यात त्याच घरी बारसं असतं आणि मला निमंत्रण असतं.

उलटही तितकंच. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर नाटक असतं. नाटकाच्या मध्यंतरात मागच्या रांगेतला माणूस खांद्यावर हात ठेवतो : “बाबू, माही एफडी कवा पुरी होते?” लग्नाच्या पंगतीत पात्रावर भात येतो त्याच वेळी कोणीतरी खात्यातली शिल्लक विचारतं. स्मशानभूमीत विचारलेलं आहे. रविवारी सकाळी सहाला दार वाजवून विचारलेलं आहे. साडभाऊला कोणी पंगतीत शिल्लक विचारत नाही, कारण त्याची बँक त्याच्या चेहऱ्यात नसते. आमची संस्था लोकांच्या लेखी माझ्याच चेहऱ्यात आहे.

ते का, हे मला सप्टेंबर 2019 मध्ये कळलं. 23 तारखेला रिझर्व्ह बँकेनं मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढायची मुभा दिली. ती बँक मुंबईची, आमच्यापासून आठ-नऊशे किलोमीटरवर. पण त्या आठवड्यात भंडाऱ्यात आमच्या दारापुढे रांग लागली. बँक तिकडे अडकली आणि लोक पतसंस्थेतून पैसे काढायला आले. त्या रांगेत आमची भाजीवाली मावशी होती. रोज पन्नास रुपये पिग्मी टाकते. तेव्हा तिचे जमलेले वीसेक हजार आमच्याकडे होते. काउंटरच्या जाळीतून तिनं विचारलं, “बाबू, माहा पैसा बुडन तं नाई ना जी?”

साडभाऊला हा प्रश्न विचारला असता तर त्याच्याजवळ उत्तर होतं. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. तेव्हा ते 1 लाखापर्यंत होतं, 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाखांपर्यंत झालं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. माझ्याजवळ सांगायला कायदा नव्हता, आकडा नव्हता. मी म्हणालो, “मावशी, मी इथंच आहो ना.” ती माझ्याकडे बघत राहिली, पुस्तक पदरात ठेवलं आणि पैसे न काढता गेली.

तिनं विश्वास ठेवला याचा मला अभिमान नाही, भीती वाटते. मी इथंच आहे हे खरं; पण माझं असणं म्हणजे विमा नव्हे. ज्या पतसंस्था बुडाल्या त्यांच्या काउंटरवरही कोणीतरी ‘मी इथंच आहो’ म्हणालं असेल. संचालकांनी नातलगांना बिनतारण कर्जं वाटली तर माझ्या चेहऱ्यानं मावशीचे वीस हजार परत येणार नाहीत.

पतसंस्था ही बँकेची गरीब नक्कल आहे, असं समजणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की आम्ही जुने आहोत. फ्रीडरिश राइफआयझेननं जर्मनीत 1864 साली शेतकऱ्यांची पतसंस्था काढली. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी 1889 साली अन्योन्य सहकारी मंडळी सुरू केली, तेव्हा इथं सहकाराचा कायदाही नव्हता. तो 1904 साली आला. आमच्याकडे राइस मिलवाल्या सभासदाला एक मत आणि भाग घेतलेल्या शिंपिणीलाही एकच मत. हे साडभाऊच्या बँकेत नाही. अमेरिकेत आमच्यासारख्या संस्थांना क्रेडिट युनियन म्हणतात. तिथं 1970 पासून त्यांच्या ठेवींसाठी स्वतंत्र विमा निधी आहे आणि त्याची मर्यादा बँकेइतकीच, अडीच लाख डॉलर आहे. तिथल्या कारकुनाला ठेवीसाठी आपला चेहरा तारण ठेवावा लागत नाही.

म्हणून माझी मागणी शब्दाची नाही. ‘बँकिंग’ मी स्वतः पुसला, पुन्हा लिहा म्हणत नाही. पिशवीतली नाणी मोजून घ्या. शनिवारी आमची रोकड मिळायची काही सोय ठेवा. एजंटला आजारपणात चार दिवसांचे पैसे द्या. आणि सगळ्यांत आधी ठेवीचा विमा द्या. तो फुकट नको. बँका त्यासाठी हप्ता भरतात. 2020 मध्ये तो शंभर रुपयांमागे वर्षाला 10 वरून 12 पैसे झाला. त्याच दरानं मावशीच्या वीस हजारांचा वर्षाचा हप्ता 24 रुपये होतो. संस्था भरेल, नाही भरला तर मी आमसभेत उभा राहून भरायला लावीन. दहाची दोन नाणी आणि वर चार रुपये. एवढी चिल्लर आमच्या थैलीत रोजच असते. ती घेणारी खिडकी कोणीतरी उघडायला हवी.